टॉमस कुक : जगाच्या प्रवासाची वाट मोकळी करणारा सुतार

इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत मेलबर्न नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें ता. २२ नोव्हेंबर १८०८ रोजीं टॉमस कुकचा जन्म झाला. तो अगदीं लहान असतांनाच त्याचे वडील वारले. दहाव्या वर्षीं शाळा सुटली, आणि हें पोर जमीनदाराच्या बागेंत रोज एका पेनीवर राबूं लागलें. पुढें एका नातलगाच्या हाताखालीं तो सुतारकाम शिकला. पण त्याचें मन रंध्यापेक्षां बाप्तिस्त मंडळीच्या उपासनेंत अधिक रमे. १८२८ सालीं मंडळीनें त्यास खेड्यापाड्यांत फिरणारा सुवार्तिक नेमिलें. दुसऱ्या वर्षीं त्यानें सुमारें २,७०० मैल प्रवास केला, आणि त्यांतील २,१०० मैल पायीं! प्रवास म्हणजे काय कष्ट असतात, हें ह्या मनुष्यास तळपायांनीं शिकविलें होतें.

पुढें मंडळीजवळ पैसा उरला नाहीं, तेव्हां तो पुन्हा सुतारकीकडे वळला. १८३३ सालीं त्याचें लग्न झालें, आणि त्याच वर्षीं त्यानें दारू न पिण्याची शपथ घेतली. त्या काळच्या इंग्रज मजुराची स्थिति आमच्या बालवाचकांनीं डोळ्यांपुढें आणावी. दिवसभर गिरणींत राबावें, आणि सुटल्यावर गुत्त्याशिवाय दुसरी करमणूक नाहीं. नुसतें पिऊं नका म्हणून सांगून भागणार नाहीं, त्याच पैशांत दुसरा चांगला आनंद मिळाला पाहिजे, असें कुकचें मत झालें. १८४१ च्या जून महिन्यांत तो मार्केट हारबरोहून लेस्टरच्या मद्यपाननिषेधाच्या सभेस पायीं चालला होता. वाटेंत त्याच्या मनांत आलें कीं, सभांना जाणाऱ्यांकरितां एक स्वतंत्र आगगाडीच कां ठरवूं नये? रेल्वे कंपनीनें होकार दिला. ता. ५ जुलै रोजीं सुमारें ५०० माणसें उघड्या डब्यांत बसून लेस्टरहून लफबरोस गेलीं व परत आलीं. भाडें जातां-येतां एक शिलिंग. त्या मंडळींतील कित्येकांनीं आगगाडींत त्यापूर्वीं पाऊलही टाकलें नव्हतें.

ह्या उद्योगास धंद्याचें रूप येण्यास चार वर्षें लागलीं. १८४५ सालीं त्यानें लोकांस लिव्हरपूलला नेलें व वाटेवरील स्थळांची माहिती देणारी पुस्तिका स्वतः छापली. पुढच्या वर्षींची स्कॉटलंडची सफर मात्र फजितीची झाली. कबूल केलेला चहासुद्धां वाटेंत कोठें मिळाला नाहीं. त्याच वर्षीं त्याचें दिवाळें वाजलें. दुसरा एखादा रंधा हातीं घेऊन स्वस्थ बसला असता. कुक पुन्हा उभा राहिला. १८५१ सालीं लंडनांत मोठें प्रदर्शन भरलें, तेव्हां मजुरांकडून आठवड्याला थोडे थोडे पैसे सांठवून घेऊन त्यानें दीड लाखांहून अधिक माणसें तेथें पोंचविलीं.

परक्या गांवीं पाहुणे नेले म्हणजे त्या गांवाचें काय होतें, हा प्रश्न त्याच्यापुढें लवकरच उभा राहिला. स्कॉटलंडच्या पश्चिमेस आयोना नांवाचें पवित्र मानलेलें बेट आहे. तेथील कोळ्यांचें दारिद्र्य पाहून कुकनें प्रवाशांजवळ झोळी फिरवली, आणि त्या पैशांतून कोळ्यांना होड्या मिळाल्या. पाहणाऱ्यानें पाहिल्याचें कांहीं देणें लागतें, असें तो मानीत असे. पुढें स्कॉटिश रेल्वे कंपन्यांनीं त्यास सवलतीचीं तिकिटें नाकारलीं, तेव्हां १८६३ सालीं तो मंडळी घेऊन स्वित्झर्लंडांत उतरला. डोंगराळ, निकस जमीन. तेथील तरुण पूर्वीं पोटासाठीं परक्या राजांच्या सैन्यांत भरती होत. त्यांच्या वंशजांना आतां वाटाडे, खेचरवाले, खानावळवाले होऊन घरींच पोट भरतां येऊं लागलें. १८७१ सालीं रिगी पर्वतावर आगगाडी चढली. हें सारें एकट्या कुकनें केलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल, पण त्याच्या तिकिटांचा त्यांत मोठा वाटा होता. त्याच्या मंडळींत कित्येक स्त्रियाही पुरुष नातलगावांचून निर्धास्तपणें प्रवास करीत, हेंही लहानसहान नव्हे.

सुखवस्तु लोकांना हें खपलें नाहीं. इटलींत राहणारा कादंबरीकार चार्ल्स लीव्हर ह्यानें १८६५ सालीं ह्या प्रवाशांची गुरांच्या कळपाशीं तुलना केली. त्याच्या रागाचें मूळ, आमच्या मतें, इतकेंच कीं, जें सौंदर्य आपल्या वर्गापुरतें होतें तें आतां दुकानदार व शिक्षकही पाहूं लागले होते. पण दुसरी बाजू खोटी होती असें नाहीं. १८६९ सालीं कुकनें पहिली मंडळी नाईल नदीवरून नेली. पुढें त्याच्या कंपनीच्या आगबोटींमुळें खलाशी, गाढववाले, भाजीवाले ह्यांस काम मिळालें खरें; परंतु तें हिवाळ्यापुरतें, आणि कांठावरच्या गांवांतील मुलें बोट दिसतांच बक्षीस मागत धांवूं लागलीं. त्याच्या मुलानें व्हेसुव्हियस पर्वतावरील दोराची आगगाडी विकत घेतली, तेव्हां पोट बुडालेल्या वाटाड्यांनीं स्टेशन जाळलें व रूळ तोडले. शेवटीं त्यांस उतारूंमागें ठराविक रक्कम द्यावी लागली.

१८७२-७३ सालीं कुकनें २२२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली व त्या वाटेंत हिंदुस्थानही पाहिला. पुढें मुंबईस त्याच्या कंपनीची कचेरी झाली, आणि १८८६ सालीं येथून मक्केस जाणाऱ्या हाजी लोकांच्या वाहतुकीचें काम हिंदुस्थान सरकारनें ह्याच कंपनीस दिलें.

एवढें यश आलें, पण घरांत शांति नव्हती. मुलगा जॉन मेसन हा हिशेबी व कडक. धंद्यांत धर्मकार्य व दानधर्म मिसळणें त्यास पसंत नव्हतें, तर बापास धंदा हाच धर्मकार्याचा एक भाग वाटे. १८७८ च्या सुमारास बापानें कारभार सोडला. आमची सहानुभूति बापाकडे जाते, तरी मुलाच्या शिस्तीवांचून कंपनी एवढी पसरली नसती हें कबूल केलें पाहिजे. १८८० सालीं लेक ॲनी स्नानगृहांतील गॅसच्या विषारी धुरानें वारली, १८८४ सालीं पत्नी गेली, आणि पुढें त्याची दृष्टीही मंदावत गेली. तशाही स्थितींत १८८८ सालीं तो एकदां शेवटचें पवित्र भूमीस जाऊन आला. मेलबर्न गांवीं त्यानें गरीब वृद्धांसाठीं चौदा घरें व एक प्रार्थनागृह बांधलें. १८९१ सालीं कंपनीचा सुवर्णमहोत्सव लंडनांत थाटानें झाला, त्यास तो हजर नव्हता. ता. १८ जुलै १८९२ रोजीं लेस्टर येथें त्याचा अंत झाला.

कंपनी १९२८ सालीं घराण्याच्या हातून गेली व १९४८ सालीं इंग्रज सरकारच्या मालकीची झाली. पुन्हा खासगी हातांत गेल्यावर ता. २३ सप्टेंबर २०१९ रोजीं मूळ ब्रिटिश कंपनी कर्जाखालीं बुडाली. तेव्हां परदेशांत अडकलेल्या सुमारें दीड लाख ब्रिटिश प्रवाशांस सरकारनें विमानें पाठवून घरीं आणिलें. मेलबर्नचीं तीं चौदा घरें मात्र उभीं राहिलीं.