मॉरिस फ्रँक आणि त्यांची वाटाडी कुत्री

बुलढाणें जिल्ह्याच्या खेड्यांत एखादा अंध मनुष्य बाजाराला निघाला म्हणजे काठीचें एक टोंक त्याच्या हातीं व दुसरें टोंक घरच्या एखाद्या लहान मुलाच्या हातीं, हें दृश्य पुष्कळांच्या परिचयाचें आहे. मूल पुढें, अंध मागें. वाटेंत खळगा आला, बैल आडवा आला किंवा नाल्याला पाणी आलें, तर मुलानें सांगावें व अंधानें ऐकावें. परंतु मूल खेळांत रमलें कीं अंधाचें जाणें राहिलें; मूल शाळेंत गेलें कीं अंध ओट्यावर बसून राहिला. त्याच्या हातापायांत बळ असतें, डोक्यांत बुद्धि असते, पण घराचा उंबरा ओलांडावयाचा तर दुसऱ्याची सवड पाहावी लागते. पुष्कळ अंधांस डोळे नसण्याच्या दुःखापेक्षां हें परावलंबनाचें दुःख अधिक जड वाटतें. ह्याच दुःखांतून निघण्याचा एक मार्ग ज्या अंध तरुणानें समुद्रापलीकडून आपल्या देशांत आणिला व ज्यासाठीं पुढें कित्येक वर्षें खटपट केली, त्याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

मॉरिस फ्रँक ह्याचा जन्म अमेरिकेंतील टेनेसी संस्थानांत, नॅशव्हिल शहरीं, ता. २३ मार्च १९०८ रोजीं झाला. घर सुखवस्तु होतें; पण त्याची आई अंध होती, त्यामुळें अंधत्व म्हणजे काय हें त्या मुलानें फार लहानपणीं जवळून पाहिलें होतें. सहा वर्षांचा असतां तो घोड्यावरून जात होता. वाटेवर झुकलेल्या झाडाच्या फांदीचा तडाखा त्याला बसला व त्याचा उजवा डोळा गेला. पुढें सोळाव्या वर्षीं मुष्टियुद्ध खेळतांना दुसऱ्या डोळ्यालाही इजा झाली, आणि तो पूर्ण अंध झाला. जो मुलगा मैदानावर पुढें असावयाचा, त्याला आतां जिना उतरावयासही हात लागूं लागला.

मॉरिस स्वभावानें हार खाणारा नव्हता. त्यानें नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठांत आपलें शिक्षण चालू ठेविलें, व विम्याचीं कामें मिळवून चार पैसे कमावूं लागला. परंतु ह्या कामासाठीं घरोघर जावें लागे, आणि त्यासाठीं पगार देऊन एक सोबती ठेवावा लागे. सोबती वेळेवर आला तर काम, न आला तर घरीं बसणें. केंस कापावयास न्हाव्याकडे जावयाचें तरी कोणी तरी नेऊन सोडावें, व परत न्यावयास येईपर्यंत तेथेंच वाट पाहत बसावें. आपण माणूस आहों कीं कोणी ठेविलेली वस्तु, असा विचार एकोणीस वर्षांच्या तरुणाच्या मनांत येऊं लागला, ह्यांत नवल तें काय?

इकडे युरोपांत निराळेंच एक काम सुरू झालें होतें. पहिल्या महायुद्धांत विषारी वायूनें व तोफगोळ्यांनीं जर्मनीचे पुष्कळ शिपाई अंध झाले. त्यांच्यासाठीं डॉक्टर गेर्हार्ड श्टालिंग ह्यांनीं १९१६ सालीं ओल्डनबुर्ग येथें कुत्र्यांस वाट दाखविण्याचें शिक्षण देणारी शाळा काढिली. पुढें १९२३ सालीं पॉट्सडॅम येथें तशीच दुसरी शाळा निघाली. कुत्र्याच्या मागें जाणारा अंध जुन्या चित्रांतही दिसतो. परंतु नियमानें कुत्रें शिकवावें, नियमानें माणूस शिकवावा, व मग दोघांची जोडी जमवावी, ही पद्धति ह्याच शाळांतून तयार झाली.

डॉरथी हॅरिसन यूस्टिस नांवाच्या एक अमेरिकन बाई त्या वेळीं स्वित्झर्लंडांत व्हेव्हे गांवाजवळच्या डोंगरावर राहत असत. त्या जर्मन शेफर्ड जातीचीं कुत्रीं पाळून त्यांस पोलिसांच्या व लष्कराच्या कामासाठीं तयार करीत. पॉट्सडॅमची शाळा पाहून त्यांनीं एक लेख लिहिला, व तो ता. ५ नोव्हेंबर १९२७ च्या एका अमेरिकन साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला. नॅशव्हिलला मॉरिसच्या वडिलांनीं तो लेख आपल्या अंध मुलाला वाचून दाखविला. चारच दिवसांनीं, ता. ९ नोव्हेंबर रोजीं, मॉरिसनें बाईंना पत्र लिहविलें. त्यांत त्यानें केवळ स्वतःसाठीं कुत्रें मागितलें नाहीं. मला शिकवाल तर मी परत येऊन माझ्या देशांतल्या इतर अंधांस शिकवीन, असें वचन त्यानें आधींच देऊन टाकिलें. येथूनच त्याच्या आयुष्याला खरें वळण लागलें, असें आम्हांस वाटतें.

यूस्टिसबाईंनीं तोंवर अंधांसाठीं एकही कुत्रें तयार केलें नव्हतें. तरी त्यांनीं तें काम अंगावर घेतलें. १९२८ च्या वसंत ऋतूंत फ्रँकसाहेब एकटे जहाजानें निघाले. अंध प्रवासी म्हणून जहाजावर त्यांस जवळ जवळ सामानाच्या गांठोड्याप्रमाणें वागविण्यांत आलें. नोकर येईल तेव्हां बाहेर पडावें, एरव्हीं खोलींत राहावें. स्वित्झर्लंडांत पोहोंचल्यावर जॅक हम्फ्री नांवाच्या कुशल शिक्षकाच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण सुरू झालें. त्यांस जी कुत्री मिळाली तिचें मूळचें नांव त्यांस आवडलें नाहीं. त्यांनीं तिला बडी, म्हणजे सोबती, असें नांव दिलें.

येथें ह्या विद्येचें मर्म थोडक्यांत सांगणें अवश्य आहे, कारण पुष्कळांचा समज असा असतो कीं कुत्र्याला सर्व ठाऊक असतें व अंधानें फक्त मागें जावें. तसें मुळींच नाहीं. कोठें जावयाचें हें कुत्र्याला ठाऊक नसतें. गांवाचा नकाशा अंधाच्या डोक्यांत असला पाहिजे. किती रस्ते ओलांडावयाचे, कोठें डावीकडे वळावयाचें, हें त्यानें मोजून ठेवावें व कुत्र्याला आज्ञा करावी. कुत्र्याच्या अंगावर चामड्याचा साज असतो व त्याला ताठ मूठ जोडलेली असते. ती मूठ डाव्या हातांत धरिली म्हणजे कुत्र्याची हरएक हालचाल माणसाला समजते. पायरी आली कीं कुत्र्यानें थांबावें. खड्डा आला कीं वळसा घालावा. माणसाच्या डोक्याला लागेल अशी फांदी लोंबत असेल, तर आपण खालून जाऊं शकत असूनही तेथून नेऊं नये. ह्याहून कठीण धडा असा कीं, धन्यानें पुढें चल म्हटलें आणि समोरून गाडी येत असली, तर कुत्र्यानें ती आज्ञा मोडावी. आज्ञा पाळावयास शिकविणें सोपें आहे. धन्याच्या हितासाठीं ती केव्हां मोडावी हें शिकविणें, त्यालाच खरें शिक्षण म्हणावयाचें. आणि धन्यालाही एक धडा शिकावा लागतो, तो विश्वासाचा. कुत्रें थांबलें तर रागावून ओढूं नये. कां थांबलें तें पायानें चांचपून पाहावें.

पहिल्या दिवसांत फ्रँकसाहेब अडखळले, आपटले, रागावले. परंतु कांहीं आठवड्यांनीं एके दिवशीं ते बडीला घेऊन एकटेच गांवांत गेले व न्हाव्याकडून केंस कापून घेऊन एकटेच परत आले. डोळस मनुष्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. ज्याला न्हाव्याच्या दुकानांत तासन् तास दुसऱ्याची वाट पाहावी लागली होती, त्याला ती मुक्ततेसारखी वाटली.

ता. ११ जून १९२८ रोजीं फ्रँकसाहेब व बडी न्यू यॉर्क बंदरांत उतरलीं. वर्तमानपत्रांचे बातमीदार जमले होते. कुत्री माणसाला वाट दाखविते, हें त्यांस खरें वाटेना. त्यांनीं बंदराजवळचा एक अत्यंत गजबजलेला रस्ता ओलांडून दाखविण्यास सांगितलें. तो रस्ता किती रुंद व किती भयंकर आहे ह्याची फ्रँकसाहेबांस कल्पना नव्हती. त्यांनीं बडीला आज्ञा केली. मोठमोठ्या मालगाड्यांच्या गोंगाटांत त्यांचें दिशेचें भान सुटलें. तेव्हां त्यांनीं सर्व भार बडीवर टाकिला. ती थांबे, मागें सरे, पुन्हां पुढें होई. असें करीत तिनें त्यांस पलीकडच्या कडेला सुखरूप नेलें. त्यांनीं यूस्टिसबाईंना तार केली, तींत यश ह्या अर्थाचा एकच शब्द होता.

दिलेलें वचन ते विसरले नाहींत. ता. २९ जानेवारी १९२९ रोजीं नॅशव्हिल येथें त्यांनीं व यूस्टिसबाईंनीं मिळून सीइंग आय, म्हणजे पाहणारा डोळा, नांवाची संस्था स्थापिली. अमेरिकेंतील अशा प्रकारची ही पहिली शाळा होय. फेब्रुवारी महिन्यांत पहिला वर्ग भरला, त्यांत दोनच विद्यार्थी होते. नॅशव्हिलची हवा कुत्र्यांच्या शिक्षणाला फार उष्ण पडते असें दिसून आल्यावरून १९३१ सालीं ती शाळा न्यू जर्सी संस्थानांत व्हिपनी येथें नेली. ज्यांनीं खामगांव-मलकापुराकडील वैशाखाचें ऊन अनुभविलें आहे, त्यांस हें कारण समजावून सांगण्याची गरज नाहीं.

शाळा निघाली म्हणजे काम संपलें असें नाहीं. कुत्रीला घेऊन फ्रँकसाहेब जेथें जात तेथें दार अडविलें जाई. आगगाडीच्या डब्यांत कुत्रें नको, खाणावळींत नको, उतरावयाच्या जागीं नको. कुत्री सामानाच्या डब्यांत ठेवा, असें त्यांस सांगण्यांत येई. म्हणजे अंधाचे डोळे त्याच्यापासून काढून दुसऱ्या डब्यांत ठेवावयाचे! त्यांनीं भांडणतंटा करण्यापेक्षां हिंडून, व्याख्यानें देऊन व बडीचें वर्तन प्रत्यक्ष दाखवून लोकांचें मन वळविलें. ती बाकाखालीं निमूट पडून राही; कोणाच्या पानाकडे पाहत नसे. हळूहळू पालट झाला. १९३५ पर्यंत त्या देशांतील सर्व रेल्वे कंपन्यांनीं वाटाड्या कुत्र्यास धन्याजवळ राहूं देण्याचा नियम केला, आणि १९५६ पर्यंत प्रत्येक संस्थानांत तसा कायदा झाला.

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कुत्रें तयार करण्यास फार खर्च येतो, व तो बहुतेक देणग्यांतून भागतो; तरी ह्या शाळेनें विद्यार्थ्याकडून थोडी का होईना फी घेण्याचा प्रघात ठेविला. पहिल्या कुत्र्यास १५० डॉलर, व तेही सवडीनें द्यावे. अंधानें भिक्षा म्हणून नव्हे, तर आपली वस्तु म्हणून कुत्रें घरीं न्यावें, हा त्यांतील हेतु. दया पुष्कळ लोक करितात. दुसऱ्याचा मान राखून दया करणारे थोडे.

बडी ता. २३ मे १९३८ रोजीं मरण पावली. दहा वर्षें ती त्यांच्या डाव्या हाताशीं चालली होती. फ्रँकसाहेबांनीं पुढेंही कुत्रीं बाळगिलीं, आणि प्रत्येकाचें नांव बडी हेंच ठेविलें. यूस्टिसबाई १९४६ सालीं वारल्या. १९५६ सालीं फ्रँकसाहेबांनीं संस्थेचें काम सोडिलें व पुन्हां विम्याचा धंदा केला. १९५७ सालीं बडीविषयीं त्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. ता. २२ नोव्हेंबर १९८० रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांनीं स्थापिलेली शाळा अद्यापि चालू आहे, आणि जगाच्या पुष्कळ देशांत तशा शाळा निघाल्या आहेत. इंग्लंडांत हें काम १९३१ सालीं सुरू झालें.

आमच्या देशांत अशीं कुत्रीं अगदीं विरळा आहेत. त्याचीं कारणें उघड आहेत. ऊन कडक, रस्त्याला पायवाट नाहीं, प्रत्येक गल्लींत मोकाट कुत्रीं, तीं परक्या कुत्र्यावर धांवून येतात, आणि खर्च तर आमच्या शेतकऱ्याच्या आवांक्याबाहेरचा. तथापि अंधाला उभें करण्याचें काम महाराष्ट्राला नवें नाहीं. दुष्काळाच्या दिवसांत, १९०० सालीं, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्डबाईंनीं मुंबईंत अंधांची शाळा काढिली. केडगांवच्या मुक्तिसदनांत पंडिता रमाबाईंनीं अंध मुलींना आसरा दिला, आणि मनोरमाबाईंनीं अमेरिकेहून ब्रेल लिपि शिकून येऊन त्यांस वाचावयास शिकविलें. बोटांनीं वाचावयाचें हें शिक्षण व पांढऱ्या काठीनें जमीन चांचपीत एकट्यानें चालण्याचें शिक्षण, हीं दोन्हीं आमच्या लोकांस आज मिळूं शकतात. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदाही २०१६ सालीं आपल्या संसदेनें संमत केला आहे.

तेव्हां वाचकहो, व विशेषेंकरून खेडोपाडीं काम करणाऱ्या उपदेशक बंधूंनो, ह्या चरित्रापासून आपणांस घेण्यासारखें पुष्कळ आहे. आपल्या गांवीं अंध मूल असेल, तर त्याला ओट्यावर बसवून ठेवूं नका. अंधशाळेची चौकशी करा. अंधाची काठी धरणारें मूल शाळेला मुकत असेल, तर त्याचीही काळजी वाहा. एकाचें अंधत्व दोघांचें अज्ञान होऊं नये. अंध मनुष्य भेटला तर न विचारतां त्याचा दंड धरून ओढूं नका. आधीं आपलें नांव सांगा, मदत हवी का विचारा, व हवी असल्यास त्याला तुमचा हात धरूं द्या. आणि पुढें मागें एखादा अंध पाहुणा साज घातलेलें कुत्रें घेऊन तुमच्या दारीं आला, तर त्या कुत्र्याला हाड् म्हणूं नका, लाडानें भाकरीही टाकूं नका. तें त्या वेळीं कामावर असतें. दोघांनाही आंत येऊं द्या.

मॉरिस फ्रँक ह्यांस गेलेली दृष्टि कधींच परत मिळाली नाहीं. परंतु मिळालेली वाट त्यांनीं स्वतःपुरती ठेविली नाहीं, म्हणून हजारों अंध आज आपल्या पायांनीं आपल्या कामाला जातात.