लहान माणसांचा थोर कथाकार

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराजवळ सेअरहोल नावाचे एक खेडे होते. तेथे एक जुनी पाणचक्की होती आणि सभोवती शेते व वृक्षराजी होती. इ. स. १८९६ मध्ये मेबल टॉल्किन ही विधवा स्त्री आपल्या दोन मुलांना घेऊन तेथे राहावयास आली. थोरला रॉनल्ड अवघा चार वर्षांचा होता. त्याचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेत झाला होता आणि वडील तिकडेच वारले होते.

घरची स्थिती बेताची होती. आईच मुलांना लॅटिन भाषा, चित्रकला व वनस्पतींची ओळख शिकवी. तिने दिलेल्या पुस्तकांत अँड्र्यू लँग यांचे परीकथांचे एक पुस्तक होते. त्यात ड्रॅगन नावाच्या भयंकर सर्पाला ठार करणाऱ्या सिगुर्ड या वीराची कथा होती. ती रॉनल्डला अतिशय आवडे.

रॉनल्ड बारा वर्षांचा असताना, १९०४ साली, मधुमेहाने आईचे निधन झाले. दोन्ही भावंडे पोरकी झाली. एका धर्मगुरूंनी त्यांचा सांभाळ केला. रॉनल्डने मन लावून अभ्यास केला आणि शिष्यवृत्ती मिळवून तो ऑक्सफर्डला गेला.

पुढे पहिले महायुद्ध पेटले. १९१६ मध्ये फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर टॉल्किन संदेशवहनाचे काम करीत होते. चिखलाने भरलेल्या खंदकांत त्यांनी शेतकऱ्यांची व कामगारांची मुले मुकाट्याने आपले कर्तव्य करताना पाहिली. शाळेतील चार जिवलग मित्रांपैकी दोघे त्याच वर्षी युद्धात कामी आले. उवांमुळे पसरणाऱ्या तापाने आजारी पडून टॉल्किन मायदेशी परतले. खरे शौर्य साध्या माणसांतही असते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

१९२५ साली ते ऑक्सफर्ड येथे प्राध्यापक झाले. एकदा उत्तरपत्रिका तपासताना त्यांना एक कोरे पान आढळले. त्यावर त्यांनी सहज एक वाक्य लिहिले. बिळात राहणाऱ्या हॉबिट नावाच्या प्राण्याविषयीचे ते वाक्य होते. त्यातूनच एक कथा वाढत गेली आणि ती त्यांनी आपल्या मुलांना सांगितली. प्रकाशकाने ते हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचावयास दिले. त्याने पसंती दिली आणि १९३७ साली ‘द हॉबिट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

त्याचा नायक बिल्बो हा उंचीने लहान आणि स्वभावाने घरकोंबडा. आपले घर, चहा आणि साधे भोजन यांतच त्याला सुख वाटे. परंतु प्रसंग येताच तो अंधाऱ्या भुयारातून ड्रॅगनच्या गुहेकडे एकटा चालत गेला. भीती त्यालाही वाटली. तरी त्याने पाऊल मागे घेतले नाही. पुढे खजिन्यावरून युद्धाची वेळ आली, तेव्हा ते टळावे म्हणून त्याने हाती आलेले अमोल रत्न देऊन टाकले. शेवटी सोन्याचांदीच्या दोन लहान पेट्या घेऊन तो आनंदाने घरी परतला.

टॉल्किन यांना स्वतःलाही बाग, झाडे व साधे अन्न प्रिय होते. २ सप्टेंबर १९७३ रोजी ते निवर्तले. आईने दिलेल्या पुस्तकातला वीर बलाढ्य राजपुत्र होता. त्यांनी मात्र मुलांच्या हाती दिलेला वीर लहान, भित्रा आणि अल्पसंतुष्ट होता. म्हणूनच तो जगभरच्या मुलांना आपला वाटला.