शिष्यत्वाचे मोल देणारा पाळक : डीट्रिख बॉनहॉफर



जुलमी सत्तेची एक जुनी रीत आहे. ती सगळ्यांवर एकाच वेळी हात टाकत नाही. आधी समाजातील एका गटाला वेगळे काढते आणि उरलेल्यांना अभय देते. ज्यांना अभय मिळाले ते बहुधा गप्प बसतात. १९३३ नंतरच्या जर्मनीत असेच झाले, आणि गप्प बसणाऱ्यांत ख्रिस्ताचे नाव घेणारे लाखो लोक होते. त्यांत पाळक होते, बिशपही होते. ज्या थोड्या ख्रिस्ती जनांनी वेगळी वाट धरली त्यांत डीट्रिख बॉनहॉफर हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. त्यांच्या मृत्यूची कथा उपदेशांतून पुष्कळदा सांगितली जाते. परंतु ज्या प्रश्नाने त्यांना त्या मृत्यूपर्यंत नेले, तो प्रश्न मागे राहून जातो. मंडळीने केवळ आपल्या हक्कांसाठी बोलावे, की जे आपल्यातले नाहीत त्यांच्यासाठीही? ह्या प्रश्नाच्या उजेडात आपण त्यांचे जीवन पाहू या.

डीट्रिख यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ रोजी ब्रेस्लाऊ येथे झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. आठ भावंडांत ते सहावे. त्यांच्या पाठोपाठ त्यांची जुळी बहीण झाबीने जन्मली. वडील कार्ल हे नामांकित मनोविकारतज्ज्ञ होते. १९१२ साली त्यांना बर्लिन विद्यापीठात पद मिळाले आणि कुटुंब त्या शहरी आले. घर विद्वानांचे व संगीतप्रेमी होते, मात्र नियमाने मंदिरात जाणारे नव्हते. थोरला भाऊ व्हाल्टर १९१८ साली पहिल्या महायुद्धात मृत्यू पावला. ह्या घरातील मुलाने ईश्वरविज्ञान शिकण्याचे ठरवले, तेव्हा घरच्यांना नवलच वाटले. १९२७ मध्ये, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी, डीट्रिख यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता पवित्र जनांची सहभागिता, म्हणजेच ख्रिस्तमंडळी. मंडळी म्हणजे काय, हा प्रश्न त्यांच्या मनाला तेव्हापासून जडला तो अखेरपर्यंत.

१९३० साली ते पुढील अभ्यासासाठी न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत गेले. तेथे एका कृष्णवर्णीय सहाध्यायाबरोबर ते हार्लेम वस्तीतील ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये जाऊ लागले आणि तेथील शब्बाथ शाळेत शिकवूही लागले. एकाच प्रभूला मानणारे लोक कातडीच्या रंगावरून वेगळे बसवले जातात, हे त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. त्याच सुमारास झाँ लासेर ह्या फ्रेंच मित्रामुळे डोंगरावरील प्रवचन त्यांना नव्याने भिडले. ही वचने केवळ अभ्यासण्यासाठी नसून आचरण्यासाठी आहेत, ही खूणगाठ बांधून ते १९३१ मध्ये मायदेशी परतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांची पाळकपदाची दीक्षा झाली.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. दोनच दिवसांनी बॉनहॉफर यांचे रेडिओवर भाषण होते. जो पुढारी स्वतःला लोकांची मूर्ती बनवू देतो तो पुढारी राहत नाही, भुलविणारा होतो, असा त्याचा आशय होता. भाषण संपण्यापूर्वीच प्रक्षेपण तोडले गेले. त्या वेळी त्यांचे वय २६ होते.

एप्रिलमध्ये कायदा आला : यहूदी वंशाच्या लोकांना सरकारी नोकरीतून काढावे. लवकरच हाच नियम मंडळीलाही लावण्याची मागणी पुढे आली. ज्यांचे आईवडील वा आजीआजोबा यहूदी होते अशा बाप्तिस्मा घेतलेल्या पाळकांनी व्यासपीठ सोडावे, असा तिचा अर्थ होता. हिटलरला मानणाऱ्या जर्मन ख्रिस्ती ह्या पक्षाला मंडळीच्या निवडणुकीत मोठे बहुमत मिळाले, आणि सप्टेंबरात प्रशियाच्या धर्मसभेने तो नियम मान्यही केला. बॉनहॉफर यांनी १९३३ सालीच एक निबंध लिहून मंडळीची तीन कर्तव्ये मांडली होती. पहिले, शासनाला त्याच्या कृत्याचा जाब विचारणे. दुसरे, शासनाच्या चाकाखाली चिरडले गेलेल्यांची, मग ते मंडळीचे सभासद असोत वा नसोत, सेवा करणे. तिसरे, प्रसंग आल्यास ते चाकच अडवणे.

वाचकहो, येथे त्यांच्या आयुष्यातील एक दुखरा प्रसंग सांगितला पाहिजे. झाबीनेचे पती गेरहार्ड लाइबहोल्झ हे यहूदी वंशाचे होते. एप्रिल १९३३ मध्ये त्यांचे वडील वारले. त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. अंत्यविधी डीट्रिख यांनी चालवावा अशी कुटुंबाची इच्छा होती. त्यांनी वरिष्ठांचा सल्ला घेतला आणि नकार दिला. काही महिन्यांनी त्यांनी बहिणीला व मेहुण्यांना पत्र लिहून क्षमा मागितली. आपण इतके भ्यालो कसे, हे त्यांचे त्यांनाच उमगत नव्हते. दुसऱ्यांना कर्तव्य सांगणारा हा तरुण पाळक स्वतःच्या घरात कमी पडला होता. ती बोच त्यांच्या मनातून गेली नाही.

मंडळीतील ह्या ढवळाढवळीला विरोध करण्यासाठी मार्टिन नीमोलर यांच्या पुढाकाराने हजारो पाळक एकत्र आले. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे भरलेल्या सभेने घोषणापत्र काढले; त्याचा मसुदा मुख्यतः कार्ल बार्थ यांचा होता. मंडळीचा प्रभू एकटा येशू ख्रिस्त आहे, दुसरा कोणी पुढारी नाही, हे त्याने ठामपणे सांगितले. ह्यातून कन्फेसिंग चर्च, म्हणजे विश्वास कबूल करणारी मंडळी, उभी राहिली. ही गोष्ट लहान नव्हती. तरीही त्या घोषणापत्रात छळल्या जाणाऱ्या यहूद्यांविषयी एक शब्दही नव्हता. मंडळीने आपल्या अंगणाचे रक्षण केले. कुंपणापलीकडचा आक्रोश बहुतेकांनी ऐकला नाही. बॉनहॉफर ह्या मंडळीचेच होते, आणि तिच्या ह्या मौनाने ते वर्षानुवर्षे व्यथित राहिले.

ऑक्टोबर १९३३ पासून दीड वर्ष ते लंडनमधील दोन जर्मन मंडळ्यांचे पाळक होते. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांच्याशी त्यांचा स्नेह तेथेच जुळला. जर्मनीत काय चालले आहे हे बेल यांच्यामार्फत त्यांनी जगातील मंडळ्यांपुढे मांडले. ह्याच काळात त्यांचे मन भारताकडे ओढले गेले. डोंगरावरील प्रवचनाचा मार्ग जुलमी सत्तेसमोर प्रत्यक्ष कसा आचरावा, हे त्यांना महात्मा गांधींपाशी राहून शिकायचे होते. १९३४ साली त्यांनी गांधीजींना पत्र लिहिले आणि गांधीजींनी आपल्याकडे येऊन राहण्याचे निमंत्रण पाठवले. परंतु १९३५ मध्ये कन्फेसिंग चर्चने त्यांना पाळकांच्या प्रशिक्षणासाठी परत बोलावले आणि भारताची भेट राहून गेली ती कायमचीच.

हे प्रशिक्षणगृह बाल्टिक किनाऱ्याजवळ फिंकेनवाल्ड येथे चालले. दररोज स्तोत्रे, मनन, एकमेकांजवळ पापकबुली, संगीत आणि खेळ असा तेथील क्रम होता. सप्टेंबर १९३७ मध्ये गुप्त पोलिसांनी ते बंद पाडले. त्याच वर्षी बॉनहॉफर यांचे शिष्यत्वावरील प्रसिद्ध पुस्तक निघाले. कृपा फुकट मिळते म्हणून तिला स्वस्त समजू नये, तिच्यासाठी देवाने आपल्या पुत्राचे मोल दिले आहे, हा त्याचा गाभा आहे.

१९३८ हे साल त्यांना फार जड गेले. पाळकांनी हिटलरशी निष्ठेची शपथ घ्यावी असा आदेश निघाला आणि कन्फेसिंग चर्चच्या बहुसंख्य पाळकांनीही ती घेतली. सप्टेंबरात झाबीनेचे कुटुंब देश सोडून इंग्लंडला गेले. ९ नोव्हेंबरच्या रात्री देशभर यहूद्यांची सभास्थाने जाळली गेली. बॉनहॉफर यांनी आपले पवित्र शास्त्र उघडून चौऱ्याहत्तराव्या स्तोत्रातील आठव्या वचनाजवळ ती तारीख लिहून ठेवली. ते स्तोत्र आपण काढून वाचावे, म्हणजे त्यांनी तेथे तारीख का घातली हे कळेल.

जून १९३९ मध्ये अमेरिकेतील मित्रांनी त्यांना न्यूयॉर्कला बोलावून घेतले. तेथे काम होते, मान होता, सुरक्षितता होती. लष्करी भरतीचा धोकाही टळला होता. पण त्यांचे मन स्थिर होईना. ह्या संकटात आपण लोकांसोबत राहिलो नाही, तर युद्धानंतर ख्रिस्ती जीवनाच्या पुनर्रचनेत भाग घेण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही, असे त्यांनी राइनहोल्ड नीबूर यांना कळवले. जुलैच्या आरंभी त्यांनी परतीचे जहाज धरले. सप्टेंबरात युद्ध पेटले.

त्यांचे मेहुणे हान्स फॉन डोनान्यी हे लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात होते. त्या विभागाच्याच आडोशाला हिटलरला उलथून टाकण्याचा कट शिजत होता. बॉनहॉफर त्यात ओढले गेले. बाहेरून ते सरकारी हेर. आतून कटाचे निरोप्ये. मे १९४२ अखेर त्यांनी स्वीडनमध्ये बिशप बेल यांना भेटून कटवाल्यांची नावे सांगितली, म्हणजे इंग्लंडचा पाठिंबा मिळेल. बेल यांनी ती परराष्ट्रमंत्री ईडन यांच्यापर्यंत पोहोचवली, पण सरकारने प्रतिसाद दिला नाही. त्याच वर्षी डोनान्यी व त्यांच्या साथीदारांनी १४ जणांना, ज्यांत बहुतेक यहूदी वंशाचे होते, विभागाचे हस्तक म्हणून दाखवून स्वित्झर्लंडला सुखरूप पाठवले. त्या कामीही बॉनहॉफर यांचा हात होता.

ज्यांना गांधीजींपाशी अहिंसा शिकायची होती ते एका माणसाच्या वधाच्या कटात सामील झाले, हे आपल्याला खुपते. खुपलेच पाहिजे. बॉनहॉफर यांनी त्याला कधी पुण्यकर्म म्हटले नाही. हत्या ही हत्याच आणि तिचा दोष देवासमोर आपल्या माथी येणार, हे ते जाणून होते. मात्र आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून शेजाऱ्याला मरू देणे त्यांना त्याहून मोठे पाप वाटले. आपण त्यांच्याशी सहमत असू किंवा नसू. त्यांनी सोपी वाट निवडली असे मात्र म्हणता येणार नाही.

जानेवारी १९४३ मध्ये मारिया फॉन वेडेमायर हिच्याशी त्यांचा वाङ्‌निश्चय झाला. ५ एप्रिल रोजी त्यांना अटक झाली. तपासाचा धागा मिळाला होता तो त्या १४ जणांसाठी परदेशी पाठवलेल्या पैशांतून. बर्लिनच्या तेगेल तुरुंगात दीड वर्ष ते राहिले. बॉम्बहल्ल्यांच्या वेळी ते भ्यालेल्या कैद्यांना धीर देत. सहृदय पहारेकऱ्यांच्या हस्ते त्यांची पत्रे मित्र एबरहार्ड बेथगे यांच्याकडे जात; पुढे १९५१ मध्ये ती ग्रंथरूपाने निघाली.

२० जुलै १९४४ रोजी हिटलरवर झालेला बॉम्बहल्ला फसला आणि त्यानंतर कटाची कागदपत्रे पोलिसांच्या हाती लागली. एका पहारेकऱ्याच्या मदतीने तुरुंगातून निसटण्याची सिद्धता झाली होती. एवढ्यात भाऊ क्लाऊस यांना अटक झाली. आपण पळालो तर सूड घरच्यांवर उगवला जाईल, म्हणून त्यांनी तो बेत सोडला.

फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यांना बूखेनवाल्डच्या छळछावणीत नेले. ८ एप्रिल, रविवार. श्योनबेर्ग गावातील एका शाळेत त्यांनी सहबंदिवानांसाठी उपासना चालवली. ती संपते न संपते तोच दोन माणसे त्यांना न्यायला आली. त्या रात्री फ्लोसेनबुर्ग छावणीत चौकशीचे नाटक झाले आणि ९ एप्रिलच्या पहाटे त्यांना फाशी देण्यात आली. त्यांचे वय ३९ होते. दोनच आठवड्यांनी अमेरिकन सैन्य त्या छावणीत पोहोचले. क्लाऊस, डोनान्यी आणि आणखी एक मेहुणे रूडिगर श्लाइखर हेही त्याच महिन्यात मारले गेले. वृद्ध आईवडिलांना डीट्रिख गेल्याची खात्री जुलैत पटली, ती बिशप बेल यांनी लंडनमध्ये घेतलेली स्मरणोपासना रेडिओवर ऐकून. १९९८ साली वेस्टमिन्स्टर ॲबेच्या दर्शनी भिंतीवर विसाव्या शतकातील दहा ख्रिस्ती हुतात्म्यांचे पुतळे उभारले गेले. त्यांत बॉनहॉफर आहेत.

वाचकहो, पुतळा उभारणे सोपे असते. आपण ह्या देशात संख्येने थोडे आहोत. आपल्या मंदिरावर, शाळेवर, कब्रस्तानावर आच आली की आपण एकत्र येतो, निवेदने देतो, मोर्चे काढतो. ते योग्यच आहे. परंतु गावाबाहेरच्या वस्तीवर, परक्या धर्माच्या शेजाऱ्यावर, आवाज नसलेल्या मजुरावर अन्याय होतो, तेव्हा आपले निवेदन कुठे असते? बार्मेनची घोषणा खरी होती, तिचा विश्वास शुद्ध होता, तरी ती अपुरी पडली. मेहुण्याच्या दारात कमी पडलेला एक पाळक ते अपुरेपण ओळखून पुढे निघाला. येत्या रविवारी आपल्या मंडळीच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत, जो आपल्यातला नाही अशा एखाद्या पीडिताचे नाव घेता येईल का, ह्याचा विचार करावा. आणि आमेन म्हटल्यावर त्याच्या घरी जाण्याचे धैर्य प्रभूने आपल्याला द्यावे.