हजरत आयेशा (रजि.) : उम्मतच्या शिक्षिका

वाचकहो, आपल्या मुली आज पदव्या घेतात. पण घरात एखादा दीनी मसला निघाला की त्यांचे मत किती जण विचारतात? हजरत आयेशा (रजि.) यांचे चरित्र या दृष्टीने पाहा. इ.स. 632 मध्ये प्रेषितांचे (स.) निधन झाले. त्यानंतर सुमारे 46 वर्षे मदिनेतील त्यांचा हुजरा विद्यापीठच होता. मोठमोठे सहाबा अडले की पडद्याआडून त्यांनाच विचारीत. 2210 हदीस त्यांच्याकडून आल्या. स्त्री, गाढव वा कुत्रे समोरून गेल्यास नमाज तुटते, असे काही जण सांगू लागले, तेव्हा स्त्रीला या पंक्तीत बसवल्याबद्दल त्यांनी खडसावले आणि आपल्याच घरातील प्रेषितांच्या (स.) नमाजचा दाखला दिला. त्यांच्या शिष्या हजरत अमरा (रह.) यांच्याकडील हदीस लिहून घेण्याचा आदेश पुढे उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांनी काढला.