एकच निगेटिव्ह आणि तेराशे प्रिंट : अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स स्वतःच्याच फोटोंकडून कसा शिकला?

मोबाईल मधूनच चार-पाच वर्षांपूर्वीचे फोटो वर आणून दाखवतो. तेव्हा भारी वाटलेला फोटो आता पाहिला की हसू येतं. क्षितिज वाकडं, आकाश पांढरंफटक, फिल्टरचा मारा. आपण एकतर तो डिलीट करतो किंवा गुपचूप पुढे सरकतो.

पण एक माणूस असा होता की जो आपल्या जुन्या फोटोंसमोर पुन्हा पुन्हा बसायचा. हा का जमला, तो का फसला, मला तेव्हा काय दाखवायचं होतं आणि कागदावर काय आलं, याचा हिशोब तो आयुष्यभर मांडत राहिला. या सवयीनेच त्याला जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या फोटोग्राफर्सच्या रांगेत नेऊन बसवलं.

त्याचं नाव अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स.

शाळेत न रमलेला मुलगा

अ‍ॅन्सेलचा जन्म 20 फेब्रुवारी 1902 चा, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचा. तो चार वर्षांचा असताना, 1906 साली, या शहरात मोठा भूकंप झाला. भूकंपानंतरच्या एका धक्क्याने तो बागेतल्या भिंतीवर आपटला आणि नाक मोडलं. ते नाक शेवटपर्यंत वाकडंच राहिलं.

पोरगं अतिशय चळवळं. एका जागी बसणं त्याला जमायचं नाही, शाळेत तर मुळीच नाही. शेवटी वडिलांनी त्याला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायचं ठरवलं. 1915 साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. वडिलांनी त्याला वर्षभराचा पास काढून दिला. त्या वर्षी हे प्रदर्शन हीच त्याची शाळा झाली. पुढे कसंबसं आठवीपर्यंतचं शिक्षण झालं, तेवढंच.

पण एका गोष्टीत मात्र हा मुलगा तासनतास बसायचा, ती म्हणजे पियानो. बाराव्या वर्षी तो स्वतःचं स्वतः वाजवायला शिकला, मग शिक्षक लागले. एकच सूर मनासारखा येईपर्यंत घोटायचा, हे वळण त्याला पियानोने लावलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हेच वळण डार्करूममध्ये कामाला येणार आहे.

पहिला कॅमेरा आणि उलटा फोटो

1916 च्या उन्हाळ्यात हे कुटुंब कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात फिरायला गेलं. तिथे वडिलांनी चौदा वर्षांच्या अ‍ॅन्सेलच्या हातात कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा दिला. पुठ्ठ्याची पेटी आणि एक बटण, बस्स.

हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्याचा फोटो काढायला तो झाडाच्या एका कुजलेल्या बुंध्यावर चढला. बुंधा मोडला, अ‍ॅन्सेल डोक्यावर खाली आला आणि पडता पडता बटण दाबलं गेलं. फिल्म धुणाऱ्याला कळेना की एवढा एकच फोटो उलटा कसा! हा उलटा फोटो अ‍ॅन्सेलने मोठ्या कौतुकाने जपला.

त्यानंतर दरवर्षी योसेमिटी. 1917 मध्ये तो शहरातल्या एका फोटो धुणाऱ्याकडे अर्धवेळ कामाला लागला आणि धंद्याची बाराखडी तिथे शिकला. थोड्याच वर्षांत तो सिएरा क्लब या डोंगरप्रेमींच्या संस्थेत शिरला आणि उन्हाळ्यात त्यांच्या योसेमिटीतल्या वास्तूची देखभाल करू लागला.

याच काळात, 1920 साली, अठरा वर्षांच्या अ‍ॅन्सेलने वडिलांना एक पत्र लिहिलं. सोबत एका धबधब्याचा फोटो होता. पत्रात त्याने हा फोटो असाच का काढला हे समजावून सांगितलं होतं. धबधबा कसा दिसतो याची नोंद त्याला करायची नव्हती, तिथे उभं राहिल्यावर पाण्याचा जो जोर जाणवतो तो त्याला पकडायचा होता.

विचार करा, अजून हा विद्यार्थीच आहे. फोटोही फार ग्रेट नाही. पण डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनाला जाणवलेलं यात फरक असतो, हे त्याला कळलेलं होतं. तो फरक कागदावर कसा आणायचा, हे मात्र कळायला अजून सात वर्षं लागणार होती.

धूसर फोटोंचा काळ

त्या काळात फोटोग्राफीला कोणी कला मानायला तयार नव्हतं. मग फोटोग्राफर काय करायचे? फोटो चित्रासारखा दिसावा म्हणून मुद्दाम धूसर काढायचे, प्रिंटवर ब्रशने काम करायचे, खरखरीत कागद वापरायचे. आजच्या भाषेत सांगायचं तर फोटोवर ऑइल पेंटिंगचा फिल्टर मारायचे.

अ‍ॅन्सेलनेही हे सगळं करून पाहिलं. पण त्याला डोंगर आवडायचे ते त्यांच्या धारदार कडांसाठी, स्वच्छ हवेतल्या झगझगीत उजेडासाठी. धूसर फोटोत नेमकं तेच हरवत होतं. 1925 च्या सुमारास त्याने हा प्रकार सोडून दिला.

1927 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतले कलाप्रेमी व्यावसायिक अल्बर्ट बेंडर यांच्या मदतीने त्याचा 18 प्रिंट्सचा पहिला संच निघाला. पण त्याच्या नावात फोटोग्राफ हा शब्दच नव्हता! फोटो म्हटलं तर गिऱ्हाईक मिळणार नाही, या भीतीने पार्मेलियन प्रिंट्स असं एक बनावट नाव शोधून काढलं गेलं. आपल्याच कलेचं नाव लपवल्याची ही गोष्ट अ‍ॅन्सेलला पुढे कायम खटकत राहिली.

शेवटची काचेची प्लेट

त्याच वर्षीची, 10 एप्रिल 1927 ची गोष्ट. अ‍ॅन्सेल, त्याची होणारी बायको व्हर्जिनिया आणि काही मित्र हाफ डोमच्या खांद्यावर चढत होते. पाठीवर जड कॅमेरा, ट्रायपॉड आणि काचेच्या 12 प्लेट्स. तेव्हा एक प्लेट म्हणजे एक फोटो. चढताना आणि वाटेत चुका होऊन प्लेट्स संपत गेल्या. कड्यासमोर पोचला तेव्हा हातात दोनच उरल्या होत्या.

त्याने पिवळा फिल्टर लावून पहिला फोटो काढला. तो काढून होतो न होतो तोच त्याला जाणवलं की हा फोटो ठीक येईल, पण मला जे वाटतंय ते यात येणार नाही. त्याला तो कडा अंगावर येणारा वाटत होता, मागचं आकाश जवळजवळ काळं हवं होतं. पिवळ्या फिल्टरने ते राखाडीच येणार.

मग त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे ब्लॅक अँड व्हाइट फोटोत निळं आकाश काळंभोर होतं आणि बर्फ उजळून निघतो. एकच प्लेट शिल्लक. पाच सेकंदांचं एक्सपोजर. संपलं.

तो फोटो म्हणजे ‘मोनोलिथ, द फेस ऑफ हाफ डोम’. अ‍ॅन्सेलने पुढे हाच आपल्या कामातला वळणबिंदू मानला. पुढच्या आयुष्यात तो विद्यार्थ्यांना जे शिकवत राहिला ते इथे सापडलं होतं. बटण दाबण्याआधी शेवटचा प्रिंट डोळ्यांसमोर उभा करायचा आणि मग तिथपर्यंत पोचायला काय लागेल ते ठरवायचं. तो याला व्हिज्युअलायझेशन म्हणायचा.

आणि गंमत बघा. हे त्याला सुचलं ते काही मिनिटांपूर्वी काढलेल्या स्वतःच्याच फोटोबद्दल मनात शंका आल्यामुळे.

पियानो की कॅमेरा?

इतकं होऊनही तो स्वतःला पियानोवादकच समजत होता. 1930 साली न्यू मेक्सिकोतल्या ताओस इथे त्याची गाठ पॉल स्ट्रँड या फोटोग्राफरशी पडली. स्ट्रँडकडे प्रिंट नव्हते, नुसत्या निगेटिव्ह होत्या. त्या खिडकीच्या उजेडात धरून अ‍ॅन्सेलने पाहिल्या आणि त्याचं ठरलं. आता फोटोग्राफीच.

घरी हे पटलं नाही. आई आणि मावशी-आत्यांच्या पिढीला वाटत होतं की पियानोत जे आत्म्याचं बोलणं येतं ते यंत्रात कुठून येणार. प्रश्न पोटाचाही होता, नुकतंच लग्न झालेलं आणि देशात मंदी सुरू झालेली. तरी त्याने पियानोची कारकीर्द सोडली.

1932 मध्ये एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम अशा फोटोग्राफर मंडळींसोबत त्याने ग्रुप एफ/64 सुरू केला. एफ/64 म्हणजे लेन्सचं अगदी बारीक छिद्र, ज्याने जवळचं आणि लांबचं सगळं स्पष्ट येतं. म्हणजे नावातच जाहीर केलं होतं की आमचा फोटो फोटोसारखाच दिसेल, चित्राची नक्कल करणार नाही. पाच वर्षांपूर्वी फोटो हा शब्द लपवणारा माणूस आता तोच शब्द छातीवर मिरवत होता.

गावावर उगवलेला चंद्र

आता येऊ त्याच्या सगळ्यात गाजलेल्या फोटोकडे. 1941 चा शरद ऋतू. अमेरिकन सरकारच्या एका कामासाठी अ‍ॅन्सेल न्यू मेक्सिकोत फिरत होता, सोबत मुलगा आणि एक मित्र. दिवसभर काही मनासारखं मिळालं नव्हतं. संध्याकाळी परतताना रस्त्यालगत हर्नांडेझ नावाचं छोटं गाव दिसलं. मागे बर्फाचे डोंगर, वर उगवलेला चंद्र आणि मावळतीच्या उन्हात चमकणारे कब्रस्तानातले पांढरे क्रूस.

त्याने गाडी कडेला घेतली, घाईघाईने मोठा कॅमेरा लावला. पण लाइट मीटर सापडेना! ऊन तर सेकंदासेकंदाला क्रूसांवरून सरकत होतं. मग त्याला आठवलं की चंद्राची प्रखरता किती असते हे आपल्याला माहीत आहे. त्यावरून त्याने तोंडी हिशोब केला आणि फोटो घेतला. दुसरा घ्यायला जातो तोवर ऊन गेलेलं होतं. एकच निगेटिव्ह.

तारीखही त्याने नोंदवून ठेवली नव्हती. पुढे वेगवेगळ्या ठिकाणी तो वेगवेगळी वर्षं सांगायचा. शेवटी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून खगोल अभ्यासकांनी गणित मांडलं आणि 1 नोव्हेंबर 1941, दुपारी 4 वाजून 49 मिनिटं ही वेळ नक्की केली.

पण खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. ही निगेटिव्ह प्रिंट करायला महाकठीण होती. आकाशाचा भाग एक मागायचा, गावाचा भाग दुसरंच. सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये आकाश बरंच उजळ आहे आणि ढगांचे पट्टे स्पष्ट दिसतात. लोकांना फोटो आवडला. अ‍ॅन्सेलचं समाधान होईना.

1948 मध्ये त्याने मोठी जोखीम घेतली. निगेटिव्हचा खालचा, गावाचा भाग रसायनात बुडवून ठळक करायचं ठरवलं. चुकलं असतं तर फोटो कायमचा गेला असता. नाही चुकलं. त्यानंतर वर्षागणिक प्रिंटमधलं आकाश गडद होत गेलं, ढग विरत गेले आणि शेवटी जवळजवळ काळ्या आकाशात एकटा चंद्र उरला. 1941 चा आणि 1970 च्या दशकातला प्रिंट शेजारी ठेवला तर दोन वेगळे फोटो वाटावेत.

या एका निगेटिव्हचे त्याने 1,300 हून अधिक प्रिंट काढले. त्यातला 1948 सालचा एक प्रिंट 2006 मध्ये लिलावात 6 लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला.

हे सगळं कशासाठी? उत्तर पियानोत आहे. त्याच्या मते निगेटिव्ह म्हणजे संगीतकाराने लिहून ठेवलेली रचना आणि प्रिंट म्हणजे तिचं सादरीकरण. आपल्याकडे बंदीश तीच असते, पण गवई विशीत गातो तेव्हा आणि साठीत गातो तेव्हा ती वेगळी ऐकू येते, तसंच काहीसं. निगेटिव्ह बदलली नव्हती म्हणण्यापेक्षा गाणारा मोठा झाला होता.

चुकांसकट शिकवणारा मास्तर

1940 च्या सुमारास फ्रेड आर्चर या सहकाऱ्यासोबत त्याने झोन सिस्टिम बसवली. दृश्यातल्या उजेडाचे गडद काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत टप्पे पाडायचे आणि कुठली वस्तू कुठल्या टप्प्यावर हवी ते आधीच ठरवायचं. आज फोनवर बोट ठेवून आपण ब्राइटनेस वरखाली करतो तेव्हा त्याच प्रश्नाचं उत्तर शोधत असतो.

त्याने कार्यशाळा घेतल्या, कॅमेरा, निगेटिव्ह आणि प्रिंट यांवर पुस्तकं लिहिली. त्याच्या फोटोंनी किंग्ज कॅनियनचं जंगल 1940 मध्ये राष्ट्रीय उद्यान व्हायला हातभार लावला. 1980 मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

आणि 1983 मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, त्याने एक पुस्तक काढलं. त्यात स्वतःचेच 40 फोटो घेतले आणि प्रत्येक कसा काढला, काय जमलं, कुठे अडचण आली, हे मोकळेपणाने लिहिलं. अठराव्या वर्षी वडिलांना लिहिलेल्या पत्रात जे सुरू झालं होतं तेच इथे चालू होतं, फक्त वाचणारे वाढले होते.

पुढच्याच वर्षी, 22 एप्रिल 1984 ला, अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स गेला. त्याच्या नावाचं शिखर आज सिएरा नेवाडाच्या रांगेत उभं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी मोबाईलने जुना फोटो वर आणला, तर लगेच डिलीट करू नका. तेव्हा तिथे उभं राहून तुम्हाला काय वाटलं होतं आणि त्यातलं फोटोत किती आलं, एवढं फक्त एकदा तपासून बघा.