विश्लेषण : घरी गाडीचा ‘स्ट्रट’ बदलताय? आधी अर्ल मॅकफर्सन कोण होते ते जाणून घ्या!

खड्ड्यांतून दोन-चार पावसाळे काढले की गाडीच्या पुढच्या चाकाकडून खडखड ऐकू येऊ लागते. स्पीडब्रेकरवर गाडी आपटते, टायर एकाच बाजूने झिजतो. ‘शॉकअप गेले’ असे निदान गॅरेजमध्ये होते आणि मजुरीसह खर्चाचा आकडा ऐकून अनेकांच्या मनात येते, की सुटा भाग आणून घरीच बदलला तर? हा भाग नुसता शॉकअप नसतो. बहुतेक छोट्या मोटारींत तो ‘मॅकफर्सन स्ट्रट’ असतो. १९६० मध्ये निधन झालेल्या एका अमेरिकी अभियंत्याचे नाव त्याला मिळाले आहे. त्या अभियंत्याने गाडी स्वस्त करण्यासाठी जो निर्णय घेतला, त्याच निर्णयामुळे हे काम सोपेही झाले आणि धोक्याचेही.

मॅकफर्सन कोण होते?

अर्ल स्टील मॅकफर्सन यांचा जन्म १८९१ चा, अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या हायलँड पार्क गावचा. १९१५ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून पदवी घेऊन ते मोटार उद्योगाची राजधानी असलेल्या डेट्रॉइटला आले आणि चामर्स या कंपनीत लागले. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी लष्कराबरोबर युरोपात होते. तिथे त्यांचे काम विमानांच्या इंजिनांशी संबंधित होते. विमानात जास्तीचा प्रत्येक किलो महाग पडतो. पुढे मोटारीच्या रेखाटनांतून अनावश्यक भाग वगळण्याची जी सवय त्यांच्यात दिसते, तिचे मूळ या अनुभवात असावे असे मानायला जागा आहे.

युद्धानंतर लिबर्टी, मग १९२३ पासून हप या कंपन्यांत त्यांनी काम केले. या सगळ्या कंपन्या मध्यम आकाराच्या होत्या आणि आज त्यांतली एकही उरलेली नाही. १९३४ मध्ये ते जनरल मोटर्समध्ये गेले आणि वर्षभरातच शेव्हर्लेच्या डिझाइन विभागाचे प्रमुख अभियंता झाले. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. ज्या कामासाठी त्यांचे नाव घेतले जाते, ते अजून दहा वर्षे दूर होते.

हजार डॉलरच्या गाडीचे कोडे काय होते?

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा अमेरिकेत मंदी परत येईल आणि लोकांना लहान, स्वस्त गाडी लागेल, असा जनरल मोटर्सचा होरा होता. मे १९४५ मध्ये कंपनीने शेव्हर्लेची हलकी गाडी आणण्याचे जाहीर केले आणि तो प्रकल्प मॅकफर्सन यांच्याकडे सोपवला. गाडीचे नाव ‘कॅडेट’. किंमत हजार डॉलरच्या आत, वजन सुमारे एक हजार किलो आणि तरीही चार माणसे आरामात बसली पाहिजेत, अशा अटी होत्या. मोठी गाडी आटवून छोटी केली तर वजन फारसे घटत नाही आणि सुट्या भागांची संख्या तर मुळीच नाही. मॅकफर्सन यांनी म्हणून पाटी कोरी ठेवून सुरुवात केली. सहा सिलिंडरचे छोटे इंजिन आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन ही त्यांची मांडणी होती. त्या काळच्या स्वस्त गाडीत चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन म्हणजे चैनच!

ही चैन परवडण्यासाठी त्यांनी जी युक्ती केली, तीच पुढे स्ट्रट म्हणून ओळखली गेली.

स्ट्रट नेमका काय करतो?

त्याआधीच्या चांगल्या सस्पेन्शनमध्ये पुढच्या चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म धरून ठेवत. स्प्रिंग गाडीचे वजन पेलत असे, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर स्प्रिंगचे हेलकावे शमवत असे. प्रत्येकाचे काम वेगळे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या चाकांना असेच दोन आर्म होते. अशा रचनेत शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी झाला तरी चाक सरळ उभे राहते, कारण त्याला धरणारे हात दुसरेच असतात.

मॅकफर्सन यांनी वरचा आर्म काढून टाकला. शॉक अ‍ॅब्सॉर्बरची नळी जाड आणि भक्कम केली, तिचे खालचे टोक चाकाच्या नकलला घट्ट जोडले आणि वरचे टोक बॉनेटखालच्या पत्र्याच्या मजबूत घुमटात बसवले. स्प्रिंग त्याच नळीभोवती गुंडाळली. स्टिअरिंग फिरवले की चाकाबरोबर हा अख्खा खांबच वळतो. म्हणजे वजन पेलणे, हेलकावे शमवणे, चाक उभे धरणे आणि चाक वळू देणे, ही चारही कामे एकाच खांबावर आली. खाली उरला फक्त एक आर्म.

कल्पना शून्यातून आली नव्हती. फियाटचे गुइडो फोर्नाका यांनी १९२० च्या दशकात अशाच स्वरूपाची रचना मांडली होती, विमानाच्या चाकांचे खांबही डोळ्यांसमोर होते. पण लाखोंनी बनवता येईल, कारखान्यात झटपट जोडता येईल आणि स्वस्तही पडेल, असे तिचे रूप मॅकफर्सन यांच्या हातून घडले.

कॅडेट रस्त्यावर का आली नाही?

होरा चुकला. युद्धानंतर मंदी आलीच नाही. उलट गाड्यांसाठी रांगा लागल्या. ग्राहक मोठ्या गाड्या मागेल त्या किमतीला घेत होते आणि पोलादाची टंचाई होती. कमी नफ्याच्या छोट्या गाडीसाठी नवा कारखाना उभारण्याचे कारण कंपनीला उरले नाही. १९४७ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. मोजके नमुने तेवढे बनले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये या सस्पेन्शनच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला होता. म्हणजे कल्पना मॅकफर्सन यांची, कागदावरचा हक्क जनरल मोटर्सचा आणि गाडी कोणाचीच नाही, अशी स्थिती झाली.

दोन-अडीच वर्षांची मेहनत कपाटात गेल्यावर ५६ वर्षांच्या माणसाने निवृत्तीची वाट पाहत बसणे अनपेक्षित नव्हते. मॅकफर्सन यांनी सप्टेंबर १९४७ मध्ये थेट प्रतिस्पर्धी फोर्डची वाट धरली. फोर्डच्या अभियांत्रिकी विभागाची धुरा सांभाळणारे हॅरॉल्ड यंगरेन यांनी त्यांना तिकडे आणले होते.

फोर्डने काय केले?

अमेरिकेतील मोठ्या फोर्ड गाड्यांत स्ट्रटला लगेच जागा मिळाली नाही. या गाड्या वेगळ्या चॅसीवर उभ्या असत. खांबाचे वरचे टोक धरायला इतक्या उंचावर बळकट आधार त्यांत नव्हता. त्यामुळे स्ट्रटचा संसार सुरू झाला तो युरोपात. फ्रान्समधील फोर्डच्या व्हेडेट गाडीत तो आधी दिसला. ऑक्टोबर १९५० मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात ब्रिटिश फोर्डने कॉन्सल आणि झेफर या गाड्या मांडल्या आणि खरा प्रसार तिथून झाला. या गाड्यांचा सांगाडा आणि बॉडी एकच होती, त्यामुळे बॉनेटखालचा घुमट खांबाचा भार पेलू शकत होता. मॅकफर्सन यांनी इथे आणखी एक काटकसर केली. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून असलेल्या अँटी-रोल बारलाच त्यांनी खालच्या आर्मला पुढे-मागे धरून ठेवण्याचे काम दिले.

१९५२ मध्ये ते फोर्डचे अभियांत्रिकी उपाध्यक्ष झाले. त्याच वर्षीच्या लिंकन गाडीत पुढच्या चाकांना जुन्या किंगपिनऐवजी बॉल जॉइंट आले. १९५८ मध्ये ते निवृत्त झाले आणि जानेवारी १९६० मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर स्ट्रट मुख्यतः युरोपातील फोर्डपुरताच होता. नंतरच्या दशकात बीएमडब्ल्यू, पोर्श ९११ आणि पहिली टोयोटा कोरोला यांनी तो घेतला. इंजिन आडवे बसवून पुढची चाके फिरवणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा तर वरच्या आर्मसाठी जागाच उरली नाही आणि स्ट्रटला पर्याय राहिला नाही. ज्या शेव्हर्लेने कॅडेट मोडीत काढली, तिच्याच १९८० च्या सायटेशनला पुढे मॅकफर्सन स्ट्रट होते. भारतात १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने हा खांब मध्यमवर्गाच्या दारात उभा केला.

मग घरी बदलताना काय ध्यानात ठेवावे?

मॅकफर्सन यांनी सगळी कामे एका खांबात कोंबली आणि तो खांब गाडीला मोजक्या बोल्टांनी जोडला. खाली नकलचे दोन, वर घुमटावरचे दोन-तीन नट. त्यामुळे जॅक, भक्कम स्टँड आणि पान्यांचा संच असलेल्या हौशी माणसाला हे काम जमण्यासारखे आहे. पण गाडी नुसत्या जॅकवर ठेवून चाकाजवळ हात घालू नये. स्टँड हवेतच.

खरा धोका वरच्या बाजूला आहे. घुमटावर कडेच्या लहान नटांच्या मधोमध एक मोठा नट दिसतो. हा नट स्ट्रटच्या दांड्याचा आहे आणि दाबलेली स्प्रिंग त्यानेच अडवून धरलेली असते. छोट्या गाडीतही पुढचे एक चाक साधारण दोन-अडीचशे किलो भार पेलते, यावरून त्या स्प्रिंगच्या ताकदीची कल्पना यावी. कडेचे नट सोडून स्ट्रट बाहेर काढायचा. मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसरने स्प्रिंग आवळल्याशिवाय उघडायचा नाही. उघडला तर स्प्रिंग आणि वरचे माउंट गोळीसारखे सुटते. कॉम्प्रेसर भाड्याने आणलेला, आटे झिजलेला असेल तर तोही भरवशाचा नाही. काही गाड्यांसाठी स्प्रिंग आणि माउंट बसवलेला तयार स्ट्रट मिळतो. तो महाग पडतो, पण घरी काम करणाऱ्याने तोच घ्यावा. तो मिळत नसेल, तर काढलेला स्ट्रट गॅरेजमध्ये नेऊन तेवढी स्प्रिंग बदलून घेण्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट विसरली जाते ती खालच्या बाजूला. वरचा आर्म नसल्यामुळे स्ट्रट सुटताच नकल बाहेर कलंडते. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर आधी सोडवलेली नसेल तर सगळा ताण त्यांच्यावर येतो, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत अ‍ॅक्सलचा जॉइंटही निखळू शकतो. नकल तारेने बांधून ठेवली की हे टळते. स्ट्रट डाव्या-उजव्या जोडीनेच बदलावेत. वरचे माउंट, बेअरिंग आणि धुळीचे रबरी आवरण जुने वापरले तर खडखड महिनाभरात परत येते.

चाक किती उभे आणि किती कललेले, हे पद्मिनीत दोन आर्म ठरवत. इथे ते हाच खांब ठरवतो. नकलचे बोल्ट काढण्यापूर्वी खडूने खूण करून ठेवली तरी नव्या स्ट्रटने कोन तंतोतंत जुळत नाही. बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेतील टॉर्कनुसार आवळून झाले, की गाडी सावकाश चालवत थेट अलाइनमेंटच्या दुकानात न्यावी. काही गाड्यांत फक्त टो बदलता येतो, कॅम्बर नाही. तिथे कोन ठरल्यापेक्षा जास्त निघाला तर वाकलेली नकल किंवा झिजलेला लोअर आर्म आधी तपासावा लागतो.