नवेगांवचा कोलू पाटील

भंडारा जिल्ह्यांतील आपल्या मंडळ्यांच्या गांवीं जातांना बहुधा आधीं तलावाची पाळ लागते, मग घरें दिसूं लागतात. मोठ्या गांवास तलाव, लहानास बोडी. दोहोंपैकीं एकहि नाहीं असें गांव क्वचितच. ही पाळ कोणीं घातली असें शाळेंतल्या मुलांस विचारिलें, तर तीं सरकारचें नांव घेतात. म्हणून त्या सरकारच्या फार पूर्वीं होऊन गेलेल्या एका पुरुषाचा वृत्तांत आज वाचकांपुढें ठेवितों. नवेगांवबांध हें गांव १९९९ सालीं गोंदिया जिल्हा निराळा झाल्यापासून तिकडे मोडतें. तोंपर्यंत तें भंडाऱ्याचेंच होतें.

कोलू पाटील हा कोहळी समाजांतला. हे लोक वैनगंगेच्या खोऱ्यांत ऊंस व धान पिकवीत आले आहेत. आपल्या पूर्वजांस चांद्याच्या एका गोंड राजानें काशीयात्रेहून परततांना बरोबर आणिलें, अशी त्यांची परंपरा आहे. तें कसेंहि असो. तलाव बांधून गांव वसविणारांस गोंड राजांनीं जमिनी देऊन उत्तेजन दिलें, आणि त्या उत्तेजनाचें चीज कोहळ्यांइतकें कोणीं केलें नाहीं. नवेगांव, सिवनी व सिरेगांव येथले मोठे तलाव त्यांच्याच हातचे. रसेल साहेब व रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातींवर १९१६ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतहि या कसबाची मुद्दाम नोंद आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटलानें नवेगांवचा तलाव बांधिला. आपल्या भागांत पाऊस कमी नाहीं. पन्नास इंचांच्या आसपास पडतो. पण तो चार महिन्यांत पडून वैनगंगेस जाऊन मिळतो, आणि धान निसवण्याच्या वेळीं, आश्विनांत, आभाळ कोरडें पडलें कीं रोवलेल्या बांध्या डोळ्यांदेखत करपतात. हस्ताच्या पावसानें दगा दिल्यावर घरांत काय होतें हें आपल्या शेतकरी बंधूंस मीं सांगावयास नको. त्या पंधरा दिवसांच्या पाण्यासाठींच एवढा खटाटोप. नवेगांवीं भोंवतालीं सात डोंगर आहेत. त्यांच्या कोंदणांत पाणी धरून ठेवितां येईल हें ज्यानें ओळखिलें त्याची नजर सामान्य नव्हती. डोंगरांच्या आधारानें मातीचा बांध पडला आणि सतरा मैल परिघाचा जलाशय उभा राहिला. सरकारी इंजिनियर आपल्या देशांत येण्यापूर्वींचें हें काम आहे.

असलें ज्ञान कोलू पाटलानें कोठून मिळविलें? यंत्रावांचून केवळ डोळ्यांनीं जमिनीचा उतार जाणणें ही कोहळ्यांची पिढीजात विद्या खरी. तथापि एकट्या पाटलाच्या डोळ्यांनीं तलाव होत नाहीं. पहिल्या पावसाचें पाणी कोणत्या नाल्यानें धांवतें हें गुराख्यास ठाऊक असतें. चैत्रांत ओल कोठें टिकते हें रानांत हिंडणाऱ्या गोंडास. मासे कोठें चढतात हें ढिवरास. जो पाटील या सर्वांपाशीं बसून ऐकतो त्याचीच पाळ टिकते, असें माझें मत आहे. आपल्या मंडळ्यांत विहिरीची जागा ठरवितांना आपण किती वेळां वृद्ध बायांस विचारितों?

पाळ घातल्यानें काम संपत नसे, उलट तेव्हांपासून तें सुरू होई. पाणी सोडावयाच्या दारास इकडे तुडुम म्हणतात. तें केव्हां उघडावयाचें आणि कोणाच्या बांधीस किती पाणी द्यावयाचें हें पाहण्यास गांवाचा पाणकर असे. त्यास सुगीला धान्य मिळे. उन्हाळ्यांत तलावांतला गाळ काढून लोक आपापल्या शेतांत नेत, त्यामुळें तलाव खोल राही व शेत सकस होई. नहेम्यानें यरुशलेमेचा कोट बांधितांना ज्यास त्यास आपल्या घरासमोरचा तट नेमून दिला होता. तलावाच्या व्यवस्थेंतहि तसाच शहाणपणा होता.

पण एक गोष्ट झांकून ठेवूं नये. तलावाचें पाणी बांधीस जातें, आणि ज्यास बांधीच नाहीं त्याच्या वांट्यास पाळीवरची मातीची पाटी तेवढी येते. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घराणीं अशा पाटी वाहणारांचींच आहेत. त्यांचीं नांवें कोठें लिहिलेलीं नाहींत. कोलू पाटलाची कीर्ति गातांना त्यांस विसरणें हा अन्याय होईल.

पुढें लोकांनीं कोलू पाटलास कोलासुर देव केलें व त्याचें ठाणें तलावापाशीं मांडिलें. सभोंवतालचे सात डोंगर म्हणजे सात बहिणी देवी, आणि त्यांनीं तलाव पुरा करण्यास हात लाविला, अशीहि समजूत पडली. आपण ख्रिस्ती लोक त्या ठाण्यास नमस्कार करीत नाहीं, व करूंहि नये. परंतु तेथें जाणाऱ्या शेजाऱ्यांची थट्टा करणारे कांहीं तरुण माझ्या पाहण्यांत आहेत. तें मला आवडत नाहीं. पाणी परमेश्वराचें, हें आपण मानितों. तें अडविण्याची बुद्धि त्यानें ज्यास दिली त्याचें उपकारस्मरण करणें हें मूर्तिपूजेंत मोडत नाहीं. देवत्वाच्या शेंदुराखालीं झांकला गेलेला मेहनती माणूस बाहेर काढणें हेंच माझ्या मतें त्याला अधिक शोभणारें आहे.

भोसल्यांचें राज्य गेलें, इंग्रजांचें आलें, आणि सारा भरणारे मालगुजार तलावांचे धनी ठरले. म्हणून या तलावांस मालगुजारी तलाव हें नांव. पूर्व विदर्भांत ते साडेसहा हजारांहून अधिक गणले आहेत. १९५१ सालीं मालगुजारी संपली व तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हें चांगलें झालें, वेठ गेली. पण तिच्याबरोबर, तलाव आपला, ही भावनाहि ओसरली. दुरुस्ती सरकार करील म्हणून गांव स्वस्थ बसलें, कागदांच्या गर्दींत सरकारहि स्वस्थ बसलें, आणि पुष्कळ तलाव गाळानें व बेशरमाच्या झुडपांनीं भरत गेले.

अब्राहामाच्या वेळच्या विहिरी पलिष्ट्यांनीं मातीनें बुजविल्या होत्या. इसहाकानें त्या पुन्हां खणिल्या आणि बापानें दिलेलीं नांवेंच त्यांस ठेविलीं. आपल्या भागांतहि या शतकांत तसें कांहीं घडलें आहे. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील ढीवर समाजाच्या लोकांनीं, विशेषतः त्यांच्या स्त्रियांनीं, कित्येक तलावांत उतरून बेशरम मुळासकट उपटला. कोणत्या देशी वनस्पतींत कोणता मासा अंडीं घालितो हें त्यांस वाडवडिलांपासून ठाऊक होतें. त्या वनस्पती त्यांनीं तळाच्या चिखलांत हातांनीं लाविल्या, आणि नाहींसे झालेले देशी मासे त्या पाण्यांत पुन्हां दिसूं लागले.